कारल्याचा वेल आणि मोबाइलमधली लेव्हल



श्रावणात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या. चहाला उशीर होता, म्हणून बोलणं पोरांवर गेलं. एक जण म्हणाली, "आमच्या दादाला शाळेतून 'माझा आवडता सण' यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. रात्रीचे नऊ वाजले तरी तीनच ओळी झाल्या. पण मोबाइलातल्या गेमचं विचारा, तासभर तोंड बंद व्हायचं नाही." दुसरी म्हणाली, "त्या गेमनंच पोरांची डोकी नासलीत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी येताना मात्र ते बोलणं डोक्यातून जाईना. जो पोरगा तासभर न थांबता सांगतो, त्याच्याजवळ शब्द नाहीत असं कसं म्हणायचं? शब्द आहेत, ते वहीपर्यंत येत नाहीत एवढंच. आणि खेळातून शब्द येतात ही गोष्ट काय मोबाइलनं आपल्याला शिकवलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते शेकडो वर्षं केलंय. आज त्याचीच थोडी जुनी हकीकत सांगते. हादग्यापासून सुरुवात करू आणि पार अमेरिकेपर्यंत जाऊ, पण परत येऊ आपल्याच ओट्यावर.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर खटावचं. दोन्हीकडं हादगा. पुण्याकडं त्यालाच भोंडला म्हणतात. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर नाहीतर भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फुलाफळांच्या माळा, आणि भोवती फेर धरून पोरी. आमच्याकडं रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी दोन खिरापती, असं चढत चढत सोळाव्या दिवसापर्यंत जायचं. सोळा खिरापती करायला कुणाच्या घरात एवढं होतं? शेवटी शेंगा, गूळ, फुटाणे, काकडीच्या फोडी असं मोजून सोळा भरायच्या. पण मोजायच्या. नियम म्हणजे नियम.

आता त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय. ती सासूला विचारते. सासू 'नाही' म्हणत नाही. ती अट घालते. आधी कारल्याचं बी पेर, मग जा. सुनेनं बी पेरलं. आता त्याला कोंब येऊ दे. कोंब आला. आता वेल वाढू दे. मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी, मग जेवणं, मग उष्टी काढणं. प्रत्येक वेळी सून सांगितलेलं काम करून परत दारात उभी, आणि प्रत्येक वेळी सासू दार थोडंसं उघडते आणि पुढं आणखी एक दार दाखवते.

त्या दादाला मी हे गाणं सांगितलं तेव्हा तो काय म्हणाला माहीत आहे? "आजी, ही तर लेव्हल आहे. एक पार केली की दुसरी उघडते. आणि सासू म्हणजे बॉस." बॉस म्हणजे शेवटी ज्याला हरवायचं असतं तो मोठा गडी. मला हसू आलं, पण पोरगं खोटं बोललं नव्हतं. गोष्ट पुढं सरकायला काय लागतं? कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि मध्ये अडथळा असतो. एक अडथळा सरला की दुसरा येतो. मोबाइलातला खेळ याच्यावर चालतो. आपलं कारल्याचं गाणंही याच्यावरच चालतं, आणि ते ऐकताना आपण शेवटपर्यंत थांबतो, कारण सून माहेरी पोचली की नाही हे कळायला हवं ना.

दुसरं गाणं मातीचं. चिकणमातीपासून सुरुवात. मातीत जातं रोवायचं, जात्यावर पीठ काढायचं, पिठाच्या करंज्या, करंज्या तबकात, वर शेला, तबक पालखीत, पालखी माहेरी. हातातल्या एका वस्तूतून पुढची वस्तू तयार होते. आजच्या कितीतरी गेममध्ये पोरं हेच करतात. लाकूड गोळा कर, त्याची कुऱ्हाड कर, कुऱ्हाडीनं पुढची वाट मोकळी कर. फरक एवढाच, की आपल्या गाण्यात ही सगळी धडपड माहेरी पोचण्यासाठी आहे. आणि शेवट गोड नाही. माहेरी खायला मिळतं आणि सासर द्वाड आहे, तिथं मार मिळतो, असं ते गाणं उघड सांगतं.

इथं जरा थांबते. हे वाक्य कुठल्या सुनेनं सासऱ्याच्या तोंडावर म्हटलं असतं? ओट्यावर बसून म्हटलं असतं? नाही. पण फेर धरला, हातात हात गुंफले, की तेच वाक्य साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता यायचं. कुणी डोळे वटारले तर उत्तर तयार, "अहो, गाणं आहे. खेळतोय आम्ही." खेळाच्या आडून खरं बोलता येतं. मला वाटतं, खेळ माणसाला लिहितं-बोलतं करतो त्याचं मोठं कारण हेच आहे. तुम्ही तुम्ही नसता. तुम्ही सून असता, सासू असता, सवत असता, कोंबडा असता. दुसऱ्याचं सोंग घेतलं की आपल्या मनातलं बाहेर येतं.

पंचमीचे खेळ तर आणखी वरचढ. झिम्मा, फुगडी, पिंगा, झोके. सासू-सुनेचं भांडण, सवतींचं भांडण. दोन रांगा समोरासमोर, एकीनं विचारायचं, दुसरीनं तालातच उत्तर द्यायचं. फुगडी घालताना उखाणा टाकायचा तो गरागरा फिरता फिरता, दम लागलेला असताना. शब्द अडला की हसं. पाठ केलेलं संपलं की जागेवर जुळवायचं. माझी एक चुलत आत्या होती, तिला अक्षर येत नव्हतं. बचत गट तेव्हा नव्हते, नाहीतर तीही अंगठा लावणाऱ्यांत असती. पण फुगडीत तिच्यासमोर उभं राहायला शिकलेल्या पोरी घाबरायच्या. समोरचीच्या गावाचं, नवऱ्याचं, म्हशीचं नाव घेऊन ती तिथल्या तिथं जुळवायची. तिला कुणी कधी कवयित्री म्हटलं नाही.

तिला नाही म्हटलं, पण तिच्यासारख्या बायांच्या तोंडचं साहित्य आहे हे ओळखून ते कागदावर आणणारी एक बाई आपल्याच मातीत जन्मली. डॉ. सरोजिनी बाबर. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या बागणी गावात त्यांचा जन्म झाला. पुढं त्या विधानसभेत गेल्या, राज्यसभेत गेल्या. पण त्यांचं मोठं काम म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसाहित्य समितीतून ओव्या, उखाणे, हादग्याची गाणी, खेळांची गाणी, सणवारांच्या कहाण्या गोळा करून छापणं. गावोगावच्या बायांना जे तोंडपाठ होतं आणि जे त्यांच्यासोबतच जायचं होतं, ते त्यांनी पुस्तकांच्या रूपात ठेवलं. २००८ साली त्या वारल्या. एखादीच्या गावच्या ग्रंथालयात त्यांची पुस्तकं असतील तर मागून बघा. आपल्या आजीचं गाणं छापलेलं पाहिलं की कसंसंच होतं, चांगल्या अर्थानं.

खेळ आधी आणि लिहिणं नंतर, याचा आणखी एक दाखला सांगलीतच आहे. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. तो सांगलीमुळं. १८४३ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. भावे लाकडी बाहुल्या करण्यातही वाकबगार होते. त्यांच्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून परत नाचवल्या, हे तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिलं असेल.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या पहिल्या नाटकांत नटांची भाषणं लिहिलेली नसायची. सूत्रधार पद म्हणायचा, प्रसंग सांगायचा, आणि रावण झालेला माणूस रावणाला शोभेल असं जागेवर बोलायचा. कथा ठरलेली, शब्द ज्याचे त्याचे. लिहून काढलेल्या संवादांची नाटकं नंतर आली. म्हणजे आधी माणसं खेळली, बोलली, चुकली, परत खेळली. मग ते कागदावर उतरलं. नाटकाला आपण अजून 'खेळ' म्हणतो, तंबूतल्या सिनेमालाही 'खेळ' म्हणायचो, ते उगाच नाही.

आता जरा लांब जायचंय. पोरांच्या हातातल्या खेळाची पाळंमुळं कुठं आहेत ते बघायला.

अमेरिकेत केंटकी म्हणून राज्य आहे. तिथं जमिनीखाली मैलोगणती पसरलेल्या गुहा आहेत. विल क्राऊदर आणि पॅट्रिशिया क्राऊदर हे जोडपं त्या गुहांत उतरून नकाशे करायचं. १९७२ साली पॅट्रिशिया, अंगानं बारीक, एका इतक्या अरुंद फटीतून सरपटत पलीकडं गेली की अंगानं मोठ्या माणसांना तिथून जाणं अवघड होतं. त्या वाटेनंच पुढं दोन मोठ्या गुहा एकमेकींना जोडलेल्या आहेत हे सापडलं. नंतर या नवराबायकोची फारकत झाली. विल संगणकावर काम करायचा. मुली आपल्यापासून लांब जाऊ नयेत म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यानं त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. लिहिला म्हणते, कारण त्यात एकही चित्र नव्हतं. नुसते शब्द. संगणक सांगायचा, तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर विटांची छोटी इमारत आहे, जवळून ओढा वाहतोय. मग खेळणाऱ्यानं एकदोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. 'आत जा'. 'दिवा घे'. आणि पुढचं वर्णन यायचं. १९७७ साली डॉन वुड्स नावाच्या दुसऱ्या माणसानं त्यात भर घातली आणि तो खेळ एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला.

लिहायला शिकायचं असेल तर हा खेळ म्हणजे मोठी शाळा. विचार करा. तुम्ही लिहिताना दिवा सांगायचा विसरलात, तर वाचणारा दिवा घेणार नाही आणि अंधारात खड्ड्यात पडेल. वाट उत्तरेला की दक्षिणेला हे चुकवलंत, तर तो भलतीकडं जाईल. म्हणजे लिहिणारीला प्रत्येक जागा डोळ्यांनी बघून, हातानं चाचपून मगच लिहावी लागते. आपल्या पोरांच्या निबंधात 'निसर्ग खूप सुंदर होता' असं वाक्य असतं ना? या खेळात ते वाक्य चालणार नाही. सुंदर म्हणजे काय? पाय कुठं टेकायचा ते सांग.

हा खेळ पुढं कॅलिफोर्नियातल्या एका घरात पोचला. रॉबर्टा विल्यम्स नावाची बाई, दोन लहान मुलांची आई. धाकटं तर अगदी तान्हं. नवरा संगणकाचं काम करायचा, त्यानं घरी जोडून घेतलेल्या यंत्रावर तिला हा गुहेचा खेळ दिसला आणि ती त्यात अशी गुंतली की संपेपर्यंत सुटली नाही. (हे ऐकून आपल्याला आपली पोरं आठवणार. मलाही आठवली.) खेळ संपल्यावर तिला आणखी हवे होते. फारसे मिळेनात. मग तिनं काय केलं? स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले आणि स्वतःच्या खेळाची गोष्ट लिहायला घेतली. एक जुना वाडा, त्यात अडकलेली माणसं, एकामागून एक पडणारे मुडदे. नवऱ्यानं ते यंत्रात बसवलं, चित्रं तिनं स्वतः काढली. १९८० साली 'मिस्ट्री हाऊस' या नावानं तो बाहेर आला. शब्दांच्या खेळाला चित्रं जोडणारा हा अगदी सुरुवातीचा खेळ. पुढं तिनं राजाराण्यांच्या गोष्टींवर 'किंग्ज क्वेस्ट' ही मालिका केली. १९८८ साली त्यातल्या चौथ्या भागात तिनं राजाच्या जागी मुलीला नायिका केलं. बाप आजारी, त्याला वाचवायला लेक निघते.

तिची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. बरीच वर्षं तिनं खेळ करणं थांबवलं होतं. आणि २०२१ साली तिनं कादंबरी छापली. आयर्लंडमधल्या दुष्काळावरची, उपासमारीनं देश सोडून जाणाऱ्या माणसांवरची. मग २०२३ मध्ये, तिला पहिल्यांदा वेड लावणारा तो गुहेचा खेळ तिनंच नव्यानं चित्रांत करून बाहेर आणला. एका बाईनं खेळ खेळला, त्यातून गोष्ट लिहायला लागली, आणि सत्तरीच्या आसपास कादंबरीकार झाली. माण-खटावच्या दुष्काळात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तिच्या कादंबरीचा विषय काही परका वाटणार नाही.

आपल्याकडं काय, असं विचाराल. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची एक छोटी मंडळी आहे. श्रुती घोष ही चित्रकलेची बाजू सांभाळणारी बाई आणि तिचे सहकारी मिळून त्यांनी 'राजी' नावाचा खेळ केला. तो २०२० साली आला. त्यातली राजी ही कसरती करणारी साधी पोरगी. असुरांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवलंय. ती त्याला शोधत निघते. आणि तिची गोष्ट कोण सांगतं? दुर्गा आणि विष्णू, आपापसात बोलत. मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांनी कथा दाखवतात. त्याच वर्षी एका मोठ्या जागतिक पुरस्काराच्या यादीत, पहिलाच खेळ करणाऱ्यांच्या गटात, राजीचं नाव होतं. मी हा खेळ स्वतः खेळलेली नाही, माझी बोटं तेवढी चालत नाहीत. भाच्यानं खेळताना शेजारी बसून पाहिला. मला ती दोन देवांची कुजबुज आपल्या कहाण्यांसारखी वाटली. आटपाट नगर होतं म्हणतो ना, त्यातली.

आणि एक अलास्काचं. ते अमेरिकेचं उत्तरेचं टोक, सगळं बर्फ. तिथल्या इन्युपियाक लोकांची पोरं जुन्या गोष्टी विसरायला लागली होती. तिथल्या समाजाच्या संस्थेनं गेम करणाऱ्यांना बोलावलं आणि म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून २०१४ साली एक खेळ केला. एका जुन्या कथेकऱ्यानं सांगितलेली बर्फाच्या वादळाची गोष्ट त्याला आधार होती. कथेकरी हयात नव्हता, म्हणून त्याच्या म्हाताऱ्या लेकीची परवानगी घेतली. मूळ गोष्टीत मुलगा होता, खेळात मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा आला. परवानगी घेतली ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपली गाणी सिनेमात वाजतात तेव्हा कुणी कुणाच्या आजीला विचारलं होतं?

तर त्या दादाकडं परत येते. त्याला मी म्हटलं, सणाचं राहू दे, तुझ्या गेमचं सांग. तो सुरू झाला. "मी उतरलो, बंदूक घेतली, एकाला मारलं, मग दुसऱ्याला मारलं, मग..." खरं सांगू? कंटाळा आला. गेमनं त्याला घटना दिल्या होत्या, गोष्ट दिली नव्हती. ती त्याच्याकडून काढावी लागणार होती. म्हणून मी हादग्याची खिरापत ओळखताना विचारतो तसं एकेक विचारत गेले. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, तसं. कुठं उतरलास? गवत होतं की घरं? कुठला आवाज आधी आला? सोबत कोण होतं? भीती कधी वाटली?

शेवटच्या प्रश्नावर तो थांबला. म्हणाला, "माझा दोस्त खाली पडला होता. त्याला उठवायला गेलो असतो तर मी मेलो असतो. नसतो गेलो तर तो मेला असता."

"मग?"

"मी भिंतीमागं बसून राहिलो."

"मग?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो दोस्त शेजारच्या गल्लीतला आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत बोलला नाही माझ्याशी."

मी म्हटलं, हे लिही. त्यानं दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका मोजायला बसले असते तर बोटं पुरली नसती, पण त्यात 'खूप सुंदर' हा शब्द एकदाही नव्हता. भिंतीचा खडबडीतपणा होता. कानात आलेली हाक होती. दहावीच्या मराठीच्या पेपरात मुद्द्यांवरून कथा लिहायला येते, आत्मकथन येतं. त्याची तयारी म्हणून मार्गदर्शकं आणून घोकून घेतात. या दीड पानात ती तयारी आपोआप झाली होती.

पण खरी गंमत त्याच्या बहिणीनं केली. ती दोन वर्षांनी लहान. तिला मोबाइल मिळत नाही. का, तर पोरीच्या हातात मोबाइल नको. ती भावाच्या खांद्यावरून बघते, तेही भांडी झाल्यावर. तिनं मला न विचारता एक पान लिहून आणलं. त्यात बोलणारा होता तो खाली पडलेला दोस्त. तो पडल्या पडल्या भिंतीकडं बघतोय आणि त्याला मित्राच्या बुटाचं टोक दिसतंय. ते टोक पुढं येत नाही. एवढीच गोष्ट. मी तिच्या आईला वाचून दाखवली. आई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हिला कुठनं सुचलं?" मला विचारायचं होतं, खेळायला न मिळालेल्या पोरीनं जर एवढं लिहिलं, तर मिळालं असतं तर काय केलं असतं? विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं त्याला मर्यादा असते. तुमच्याजवळ मात्र बोलते. मोबाइल द्यायचा तर दोघांना द्या, घड्याळ लावायचं तर दोघांना लावा.

घड्याळ लावायचंच आहे, ते विसरू नका. सगळेच खेळ सारखे नाहीत. काही खेळ पोराला फक्त बोट आपटायला लावतात, त्यातून दीड ओळही निघणार नाही. आणि पैसे लावायचे खेळ तर खेळ नव्हेतच. त्यात घरं बुडालेली आपण पाहिलीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी पोराच्या मोबाइलवर काय आहे ते बघायचं काम कायदा आपल्या घरी येऊन करणार नाही. बघायचं म्हणजे नुसतं हिसकावून घ्यायचं नाही. शेजारी बसून विचारायचं, हा कोण? याला काय हवंय? तू याच्या जागी असतास तर? विचारणारी शेजारी असली तर खेळातून गोष्ट निघते. नसली तर नुसता वेळ जातो.

परवा आमच्या गल्लीत हादगा बसला. पोरी फेर धरून कारल्याच्या वेलाचं गाणं म्हणत होत्या. भाजी झाली, उष्टी काढून झाली, आता सून निघणार. तेवढ्यात त्या धाकटीनं मध्येच नवी अट जोडली, सासूच्या आवाजात. गटाचा हप्ता भरून ये, मग जा. साऱ्या पोरी हसल्या आणि तालात ती ओळ उचलली. दुसरीनं जोडलं, गॅसची टाकी आण. तिसरीनं, मोबाइलला रेंज येऊ दे. सून बिचारी दारातच उभी. ओट्यावर म्हाताऱ्या बाया डोळे पुसून हसत होत्या. पोरं फेरात येत नाहीत, पण दादा कट्ट्यावर बसून ऐकत होता. तो तिथूनच ओरडला, "अगं, आता सुनेनं सासूला अट घालायची लेव्हल आणा की!"

फेर थांबला. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग धाकटी म्हणाली, "थांबा, जुळवते."